मोठा करार कुणाला द्यायचा? आर्सेनल, लिव्हरपूल, रेआल माद्रिद आणि आमच्या तालमीची वही

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या तालमीत बैठक बसली होती. कोल्हापुरात तालीम म्हटलं की बाहेरच्यांना लाल माती आणि कुस्ती आठवते. पण इथं तालमींचे फुटबॉल संघही आहेत, आणि शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा सामना असला की घरात जेवायला माणूस सापडत नाही. बैठकीपुढं विषय एकच होता. आमचा स्ट्रायकर २९ वर्षांचा आहे, गेल्या हंगामात संघात सर्वांत जास्त गोल त्याचे. त्याला दुसऱ्या पेठेतून बोलावणं आलंय, म्हणून तो रक्कम वाढवून मागतोय. द्यायची का?

खजिनदारानं वही उघडून मधोमध ठेवली. डाव्या पानावर वर्गणी आणि देणग्या, उजव्या पानावर खेळाडूंची नावं आणि त्यांच्यापुढं आकडे. स्ट्रायकरची मागणी त्यानं पेन्सिलीनं लिहिली, बेरीज केली आणि बोटानं दाखवलं. उजव्या पानाचा तिसरा हिस्सा एका नावावर जात होता. हा खजिनदार माझा शाळेपासूनचा मित्र. परत जाताना म्हणाला, "तू रात्र रात्र जागून तिकडचं फुटबॉल बघतोस. तिथले क्लब हे ठरवतात कसं, ते जरा लिहून दे की मला." त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या पेचात असलेल्या कुणासाठीही हे लिहितोय.

सुरुवात चुकीच्या करारांपासून करतो, कारण त्या बैठकीतलं आमचं बोलणं मला थेट तिथं घेऊन गेलं.

जानेवारी २०१८. लंडनच्या आर्सेनल क्लबचे दोन सर्वांत मोठे खेळाडू, मेसुत ओझिल आणि अलेक्सिस सांचेझ. दोघांचेही करार सहा महिन्यांत संपत होते. १९९५ च्या बोसमान निकालानंतर करार संपलेला खेळाडू युरोपात जुन्या क्लबला एक पैसाही न मिळता दुसरीकडे जाऊ शकतो. शेवटच्या सहा महिन्यांत तो परदेशी क्लबांशी उघडपणे बोलणीही करू शकतो. म्हणजे आर्सेनलच्या हातात काहीच उरलेलं नव्हतं. सांचेझ मँचेस्टर युनायटेडला गेला, बदल्यात हेन्रिख मिखितारियान आला. एक गेलाच होता. दुसराही गेला असता तर लोकांनी क्लबला फाडून खाल्लं असतं. ओझिलला २०२१ पर्यंतचा करार मिळाला. त्या वेळच्या बातम्यांनुसार आठवड्याला ३ लाख ५० हजार पौंड. त्याचं वय तेव्हा २९ होतं.

मार्च २०२० नंतर ओझिल आर्सेनलकडून एकही सामना खेळला नाही. त्या ऑक्टोबरात प्रीमियर लीग (इंग्लंडची मुख्य लीग) आणि युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) या दोन्हींच्या यादीतून त्याचं नाव वगळलं गेलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये तो तुर्कस्तानच्या फेनरबाचेला गेला. तिकडे युनायटेडमध्ये सांचेझनं ४५ सामन्यांत ५ गोल केले. दीड वर्षात तो उधारीवर इंटर मिलानला, आणि नंतर कायमचाच तिकडे.

ओझिल वाईट खेळाडू होता का? मुळीच नाही. त्याच्यासारखा पास देणारा माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलाय, आणि तो कोपऱ्यातून चेंडू ठेवायचा तो क्षण मला अजून दिसतो. पण क्लबचं नुकसान त्याच्या खेळापेक्षा त्याच्या पगारानं जास्त झालं. त्या पगारावर त्याला घेणारा दुसरा क्लब जगात सापडेना. म्हणून मोठा करार देताना पहिला प्रश्न "किती चांगला आहे" हा नसावा, असं माझं ठाम मत आहे. पहिला प्रश्न हा: दोन वर्षांनी तो आपल्याला नकोसा झाला, तर याच पगारावर त्याला कोण घेईल?

आर्सेनलनं तीच चूक लगेच पुन्हा केली. पियेर-एमेरिक ओबामेयांगनं लागोपाठ दोन हंगामांत लीगमध्ये २२-२२ गोल केले होते. सप्टेंबर २०२० मध्ये ३१ व्या वर्षी त्याला तीन वर्षांचा करार मिळाला. पुढच्या हंगामात लीगमध्ये १० गोल. डिसेंबर २०२१ मध्ये कर्णधारपद गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये करार मोडून तो फुकटात बार्सिलोनाला गेला.

याच्या शेजारी त्याच क्लबचं २०२३ साल ठेवा. फेब्रुवारीत मार्टिनेली, मेमध्ये साका, जुलैत सालिबा, सप्टेंबरात ओडेगार्ड. सगळ्यांचे करार वाढवले, पहिल्या तिघांचे २०२७ पर्यंत आणि ओडेगार्डचा २०२८ पर्यंत. चौघंही २१ ते २४ वयाचे. यांच्यातला कुणी उद्या ढेपाळला तरी त्याला घ्यायला चार क्लब रांगेत उभे राहतील, त्यामुळे पगार वाढवूनही क्लबची मान मोकळी राहते. मालक तेच होते. फरक पडला तो पैसे कोणत्या वयात आणि कोणत्या क्षणी दिले यानं. २०१८ मध्ये घड्याळ खेळाडूच्या हातात होतं, २०२३ मध्ये ते क्लबच्या हातात होतं.

आता लिव्हरपूल. यांचा एक निर्णय शाळेत शिकवावा इतका स्वच्छ आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांचे तिन्ही गाजलेले पुढचे खेळाडू, मोहम्मद सलाह, सादियो माने आणि रॉबर्टो फर्मिनो, एकाच वेळी कराराच्या शेवटच्या वर्षात आले. तिघंही तिशीच्या आसपास. सलाह आणि माने यांच्या वयात तर जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. तिघांनी मिळून क्लबला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, आणि ३० वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकून दिली होती. भावनेनं बघितलं तर तिघांनाही सारखं द्यायला हवं होतं.

क्लबनं तिघांसाठी तीन वेगळे निर्णय घेतले. मानेला बायर्न म्युनिकला विकला, सगळं धरून सुमारे ३.५ कोटी पौंडांपर्यंत. फर्मिनोला करार पुरा करू दिला आणि २०२३ मध्ये हात जोडून निरोप दिला. सलाहला मात्र क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा पगार, २०२५ पर्यंत.

सलाहच का? गोल तर होतेच. पण मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा. लिव्हरपूलमधल्या पहिल्या पाच हंगामांत तो लीगचे ३६, ३८, ३४, ३७ आणि ३५ सामने खेळला. लीगमध्ये सामने असतात ३८. म्हणजे पाच वर्षांत हा माणूस फार क्वचित गैरहजर राहिला. खेळाडू कितीही थोर असो, सामन्याच्या दिवशी मांडीला बर्फ लावून बसला असेल तर त्या आठवड्याचा पगार वायाच. आणि बाहेर पडायची वाटही उघडी राहिली. करारानंतर सव्वा वर्षाच्या आतच, सप्टेंबर २०२३ मध्ये, सौदी अरेबियाच्या अल-इत्तिहादनं त्याच्यासाठी १५ कोटी पौंडांपर्यंतची बोली लावली. लिव्हरपूलनं ती नाकारली. नाकारता आली, हीच तर कराराची खरी ताकद.

लिव्हरपूलकडे आकडेवारीचा वेगळा विभाग आहे, आणि इयन ग्रॅहम या भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसानं तो अनेक वर्षं सांभाळला. अशा विभागात नुसते गोल मोजत नाहीत. गोलची संधी किती सोपी होती तेही मोजतात. पेनल्टीचंच घ्या. साधारण चारपैकी तीन पेनल्टी गोल होतातच, म्हणून पेनल्टीचा गोल हा स्ट्रायकरच्या कर्तृत्वात पुरा धरायचा नसतो. हे वाचून मी खजिनदाराकडून स्कोअरची वही मागवली. आमच्या स्ट्रायकरचे गेल्या हंगामातले गोल ११. त्यातले ४ पेनल्टीचे, ३ एकाच दुबळ्या संघाविरुद्ध. उरले ४. बैठकीत सगळे ११ वरच बोलत होते.

लिव्हरपूलचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड हा त्यांचा घरचा पोरगा, तिथल्याच अकादमीत वाढलेला. त्याचा करार २०२५ पर्यंत ओढत आणला आणि तो रेआल माद्रिदला गेला. महिनाभर आधी सोडण्यासाठी जी किरकोळ रक्कम मिळाली तेवढीच. तरण्या, घरच्या खेळाडूला वेळेवर बांधलं नाही की काय होतं, ते बघायला दुसरं उदाहरण लागू नये. सलाहला एप्रिल २०२५ मध्ये आणखी दोन वर्षं दिली. त्या हंगामात त्याचे लीगमध्ये २९ गोल आणि १८ असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलाआधी दिलेले पास) होते, आणि लिव्हरपूलनं लीग जिंकली. पण पुढच्या हंगामात सूर हरवला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सलग सामन्यांत बाकावर बसावं लागल्यावर त्यानं जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. तेहतिशीत असं होणारच, हे धरूनच चालायला हवं. म्हणूनच करार दोन वर्षांचा होता, चारचा नव्हता.

रेआल माद्रिदची रीत याहून कडक आहे. तिशी उलटलेल्या खेळाडूला शक्यतो एकेक वर्षाचीच वाढ. २०२१ मध्ये कर्णधार सेर्जियो रामोसला दोन वर्षं हवी होती, क्लब एकावर अडून बसला. रामोस शेवटी एक वर्ष घ्यायला तयार झाला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की ऑफरची मुदत संपली. १६ वर्षं ज्यानं त्या क्लबसाठी डोकं फोडून घेतलं त्याला डोळ्यांत पाणी घेऊन निघावं लागलं. मला ते आजही बोचतं. पण तिथून तो पॅरिसच्या क्लबात गेला आणि तिथला त्याचा पहिला हंगाम बहुतांशी दुखापतीतच गेला, हेही खरं. त्याच रीतीत लुका मॉड्रिचनं मात्र दरवर्षी एकेक वर्ष मान्य केलं आणि २०२५ पर्यंत, म्हणजे ३९ व्या वर्षापर्यंत, तिथं खेळला. आणि क्रिस्तियानो रोनाल्डो? ३३ व्या वर्षी, २०१८ मध्ये, युव्हेंटसला १० कोटी युरोंना विकला. सांचेझनं आर्सेनल सोडलं त्याच वर्षातली ही गोष्ट.

दोघांपैकी कुणाचं घ्यावं? माझा कल लिव्हरपूलकडे आहे. रेआलची रीत चालते कारण रेआलला कुणीही नाही म्हणत नाही. रामोस गेला तर दुसरा येतो. आपल्यासारख्याला ती चैन नाही.

ती चैन नसलेला क्लब म्हणजे बिल्बाओचा अॅथलेटिक. हा संघ बास्क प्रदेशातले किंवा तिथल्या फुटबॉलमध्ये घडलेले खेळाडूच घेतो. म्हणजे एक गेला तर बाजारातून दुसरा आणताच येत नाही. २०२५ मध्ये बार्सिलोना निको विल्यम्सच्या मागे लागला होता, तेव्हा या क्लबनं त्याला थेट २०३५ पर्यंत बांधलं आणि सोडण्याची किंमत, म्हणजे दुसऱ्या क्लबनं जी मोजली की खेळाडू सुटतो ती रक्कम, निम्म्याहून जास्त वाढवली. बाहेरून बघणाऱ्याला दहा वर्षं वेडेपणा वाटेल. पण जो खेळाडू परत मिळणारच नाही त्याची किंमत वेगळीच असते. पेठेचा संघ चालवणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. बाहेरगावचा किंवा परदेशी खेळाडू पुढच्या हंगामात दुसरा मिळतो. गल्लीतच वाढलेला पोरगा दुसरा मिळत नाही.

चेल्सीचं थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये त्यांनी एन्झो फर्नांडेझ आणि मुद्रिक यांना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले. खरेदीची रक्कम हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागून दाखवायची, हा त्यातला डाव. युएफा या युरोपातल्या फुटबॉलच्या सर्वोच्च संस्थेनं लगेच ती विभागणी ५ वर्षांवर आणली. कोल पामरला २०३३ पर्यंत बांधणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण मुद्रिक डिसेंबर २०२४ मध्ये उत्तेजक चाचणीत अडकून तात्पुरता निलंबित झाला, आणि करार २०३१ पर्यंतचा.

एका करारामुळे बाकीच्या नावांपुढचे आकडे कसे हलतात, ते बार्सिलोनानं दाखवलं. मेस्सीचा २०१७ चा करार 'एल मुंडो' या स्पॅनिश वर्तमानपत्रानं २०२१ मध्ये छापला, चार वर्षांना ५५.५ कोटी युरोंपर्यंत. मेस्सीसाठी ते जास्त होतं असं मी म्हणणार नाही. पण सर्वांत वरची पायरी तिथं गेली की दुसरा, तिसरा, दहावाही आपली पायरी वर मागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितलं तेव्हा क्लबचे पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के झाले होते. आणि शेवटी जावं लागलं ते मेस्सीलाच. युएफाच्या आजच्या नियमानुसार युरोपीय स्पर्धा खेळणाऱ्या क्लबचा खेळाडूंवरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. आमच्या वहीच्या डाव्या पानाकडे बघून हा आकडा मी खजिनदाराला दोनदा सांगितला.

तर दोस्ता, तुझ्यासाठी माझा सल्ला असा. स्ट्रायकरला एकाच हंगामाचं बोल. ठरलेल्या रकमेतला मोठा भाग प्रत्येक खेळलेल्या सामन्यामागे दे, म्हणजे तो मैदानात असेल तेव्हाच पैसे जातील. गेल्या तीन हंगामांत तो किती सामने चुकला ते आधी वहीतून काढ. तो ११ गोलांचे मागेल, तू ४ चे बोल आणि मध्ये कुठंतरी थांबा. दुसऱ्या पेठेनं त्याहून जास्त दिलं तर जाऊ दे, आणि स्टेडियमवर भेटला की आधी मिठी मार.

पण त्याच्याकडे जाण्याआधी डाव्या बाजूनं खेळणाऱ्या त्या १९ वर्षांच्या पोराच्या घरी जा. त्याचं नाव वहीत सगळ्यात शेवटी आहे, आणि त्याच्यापुढची रक्कम गेली दोन वर्षं तीच आहे. त्याच्या आईसमोर बसून पुढच्या हंगामाचं ठरव, आणि पेन्सिलीनं नको, पेननं लिही. स्ट्रायकरला फोन त्यानंतर कर.