लोडरच्या बकेटला लावायचे पॅलेट फोर्क: एका द्राक्ष हंगामाचा अनुभव

आमची बाग निफाड तालुक्यात. 9 फुटी ओळींत लोडरचा (पुढे माल उचलायचे हात आणि बकेट बसवलेला) 50 एचपी ट्रॅक्टर शिरत नाही, त्यामुळे क्रेट छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेडपर्यंत येतात. खरी कंबर मोडायची ती शेडसमोर. 20-20 किलोचे क्रेट बायामाणसांनी दिवसभर उचलायचे, वर खतांच्या गोण्या वेगळ्या. त्यासाठीच या हंगामाआधी बकेटच्या धारेवर चढवून बोल्टने आवळायचे 42 इंची फोर्क घेतले, म्हणजे पॅलेटखाली (माल रचायच्या फळीखाली) घालून ते उचलायचे दोन लांब लोखंडी दात. क्रेट आता शेडमध्ये पॅलेटवर रचले की तिथून गाडीपर्यंत कुणाला हात लावावा लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मला ही खरेदी मनापासून आवडली.

पण वजनाचं गणित आधी नीट समजून घ्या. लोडरच्या माहितीपत्रकात उचलण्याचा जो आकडा असतो, तो बहुधा बकेटच्या पिनेजवळचा, म्हणजे बकेट लोडरच्या हातांना जिथे जोडली जाते तिथला. इथे पिनेपुढे आख्खी बकेट, तिच्यापुढे फोर्क आणि मालाचा मध्य बकेटच्या धारेच्याही अर्धा मीटर पुढे. बकेटचं आणि फोर्कचं वजन त्यातूनच वजा होतं. 1200 बाय 1000 मिमीच्या पॅलेटवर 600 बाय 400 मिमीचे पाच क्रेट एका थरात बसतात. चार थर म्हणजे 400 किलो. आमच्या लोडरला मी त्यापुढे जाऊ देत नाही. युरियाच्या 45 किलोच्या आठ गोण्या आरामात येतात. मागे वजनासाठी रोटाव्हेटर जोडलेला हवाच, नाहीतर मागची चाकं हलकी होतात, ब्रेक धरत नाहीत आणि सगळा भार पुढच्या एक्सलवर येतो.

दोन्ही फोर्कना जोडणारा आडवा बार सोबत मिळत असेल तरच घ्या. बार नसला की वळताना फोर्क फाकतात. बोल्टला चेकनट (पहिला नट ढिला होऊ नये म्हणून त्यावर आवळायचा दुसरा नट) हवा, आणि पहिला लोड उतरवल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण ते बसतात आणि सैल होतात. फोर्कचं टोक जितकं पुढे, तितका बकेटच्या धारेवर पीळ जास्त. आमच्या बकेटचा पत्रा पातळ वाटला म्हणून गावातल्या वेल्डरकडून बोल्टच्या जागी आतून जाड पट्टी मारून घेतली. फोर्कच्या कड्यातून बकेटला साखळीही बांधतो, म्हणजे बोल्ट सुटला तरी फोर्क खाली पडणार नाही.

सीटवरून टोकं दिसत नाहीत, बकेट मध्ये येते. टोकांना पांढरा रंग दिला आहे, तरी पॅलेटखाली शिरताना बाजूला एक माणूस उभा लागतो. मालाखाली मात्र कुणीही जायचं नाही, यावर मी शेडमध्ये अजिबात तडजोड करत नाही. चालवताना माल जमिनीपासून फूटभरच वर, बकेट जराशी मागे कललेली आणि गियर पहिला. लिव्हर झटक्याने सोडलं की क्रेटमधले मणी गळतात, आणि मणी गळलेल्या मालाला व्यापारी भाव पाडतो.

रोज दहा-वीस पॅलेट हलवायचे असतील तर हे घेऊ नका. बकेट काढून तिच्या जागी पिनेवर बसणारी फोर्कची पूर्ण फ्रेम घ्या. ती महाग पडते, पण माल ट्रॅक्टरच्या जवळ राहतो, जास्त उचलतो आणि टोकंही दिसतात. आमच्यासारख्या हंगामापुरत्या कामाला, जिथे त्याच बकेटने दुपारी शेणखतही भरायचं असतं, तिथे हेच बरे. दोघांनी धरून चढवायला फारसा वेळ लागत नाही. 48 इंची मात्र मागू नका, 1 मीटरच्या पॅलेटला 42 पुरतात आणि लांबी वाढली की टोकं पलीकडच्या पॅलेटमध्ये घुसतात.