कळलावी : कंद लावावा की बी पेरावं?

मैत्रीण अडून बसलीये: कळलावी कंदापासून करू की बियांपासून? वेल आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागांतला, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. पण पाकिटावरचा भडक फोटो बघून ठरवू नका.

आधी वेळ. चांगला जाडजूड कंद त्याच हंगामात फुलतो. बी मात्र उगवायलाच एक ते तीन महिने घेतं, तेही एकेक करून, मनाला येईल तसं. फूल दिसायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

खर्चात बी स्वस्त. कंद महाग आणि वर नाजूक. नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात हिला लांगली म्हणतात. कोंब फक्त टोकाला. ते टोक मोडलं की कंद वाया. माझा एक असाच गेला, कुंडीत ठेवताना कट्‌कन. आडवा ठेवायचा, वर पाच-सात सेंटिमीटर भुसभुशीत माती.

पुढची निगा दोन्हीकडे सारखीच: पानांची टोकं वळून काडीला धरतात, तेव्हा बारीक आधार द्या. वेल वाळला की पाणी बंद, नाहीतर कंद कुजतो.

कंद आणि बिया दोन्ही जहाल विषारी, त्यांतल्या कोल्चिसीन या विषामुळे. लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर दोन्ही नकोच.

यंदाच फूल हवं, कुंडी एकच, तर कंद. भरपूर वेल हवेत आणि थांबायची तयारी आहे, तर बी. मैत्रिणीला धीर नाही, तिनं कंदच घ्यावा.