अपॉक्सी स्कल्प्ट: आठ महिन्यांत मॉडेल घोड्यांवर वापरून काय वाटलं

ब्रायर या अमेरिकन कंपनीचे छोटे स्टेबलमेट मॉडेल घोडे, म्हणजे 1:32 स्केलचे, माझ्या मावसबहिणीने अमेरिकेहून आणले होते आणि त्यातल्या एकाचा मला मारवाडी करायचा होता. सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोडे जवळून बघितलेत, ते आत वळलेले, टोकाला टोक लागणारे कान डोक्यातून जाईचनात. पण तयार मॉडेलचे कान सरळ, मग ते कापून नवीन बनवणं आलंच.

आधी हार्डवेअरच्या दुकानातलं साधं एपॉक्सी घेतलं, पाईप गळायला लागला की लावतात ते. त्याच्या कामाला ते उत्तमच, पण वीसेक मिनिटांत कडक व्हायला लागतं आणि या स्केलला कान जेमतेम 5-6 मिमीचा, एक नीट वळवेपर्यंत दुसऱ्याचा गोळा हातातच घट्ट. म्हणून अपॉक्सी स्कल्प्ट मागवलं, म्हणजे आपोआप कडक होणारी एपॉक्सीची माती. दोन डबे येतात, ए आणि बी, सारखे भाग घेऊन दोन-तीन मिनिटं छान मळायचं, भट्टी-बिट्टी काही लागत नाही. एक ते तीन तास काम करता येतं आणि 24 तासांत दगडासारखं होतं. खरा फायदा या मधल्या वेळेचाच आहे. मळल्या मळल्या ते फार चिकट असतं, तेव्हा नुसता आकार द्यायचा, मग चाळीसेक मिनिटं तसंच ठेवायचं आणि त्यानंतर सुईने आयाळीचे केस ओढायचे, रेघा मिटत नाहीत. हे कळायला मला दोन घोडे लागले. गुळगुळीत करायला पाण्याचं बोट पुरतं, पण पाणी जास्त झालं तर माती प्लास्टिकवरून सुटते, माझी एक आयाळ अख्खी निघून आली होती. लावायच्या आधी प्लास्टिक पॉलिशपेपरने खरबरीत केलंच पाहिजे. शेपटीच्या आत जुन्या वायरमधली तांब्याची तार घालते, नाहीतर पडल्यावर पहिली तीच तुटते.

ग्लोव्हज घाला, हे मनापासून सांगते, आणि वाळल्यावर घासायचं तर ओलं करूनच घासा, मास्क लावून. ती धूळ छातीत जायला नको.

रंगाचं म्हणाल तर वाळलेल्या मातीवर प्राइमर मस्त बसतो. वर सॉफ्ट पेस्टलची पूड ब्रशने लावायची, मॅट स्प्रे मारायचा, परत पूड, असे माझे दहा-बारा थर झाले तेव्हा कुठे कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ) रंगाला ती खोली आली. पण स्प्रे पावसाळ्यात मारू नका! जुलैमध्ये पुण्यात मारला आणि तयार घोड्यावर पांढरी धुरकट साय आली, हवेतल्या ओलाव्याने होतं ते. सगळा रंग काढून परत केला. आता स्प्रेचं काम ऑक्टोबरनंतरच, पावसाळ्यात फक्त मातीकाम, ओल्या हवेत हिला काही होत नाही.

किंमत इथे येईपर्यंत महाग पडते हे खरं, पण छोट्या घोड्यांना माती चिमूटभर लागते, माझे आठ महिन्यांत सहा घोडे झाले तरी डबे निम्मेसुद्धा संपले नाहीत. झाकणं मात्र अदलाबदल करू नका, ए चं झाकण बी ला लागलं की कडेची माती तिथेच धरते.

मारवाडी आता पंचकल्याणी झालाय, चारही पाय आणि तोंड पांढरं, कानांची टोकं एकमेकांना टेकलीत. सातवा भीमथडी, म्हणजे आपल्या दख्खनच्या जातीचा, करायला घेतलाय, त्याची मान जाड करतेय, काल रात्रीचा थर अजून वाळतोय.