खाडीकाठचं घर पडलं तर पैसा कोणाचा: सरकारी मदत, विमा की घरची पुंजी?

६०० चौरस फुटांचं घर, जांभ्याच्या भिंती, वर मंगळोरी कौलं. नव्याने उभारायला चौरस फुटामागे २,००० रुपये धरले तर १२ लाख होतात. तुमच्या गावचा दर गवंड्याला विचारून घाला, हिशेबाची रीत तीच. हे १२ लाख कोण देणार, हे पावसाळ्याआधी ठरवावं लागतं. वादळ येऊन गेल्यावर विमा काढता येत नाही, आणि मग उरतात दोनच वाटा.

सरकारी मदत

ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळते. महाराष्ट्रासाठी त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहेत. म्हणजे आपल्या घराच्या खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर राज्याने स्वतःची भर घालून तेव्हाची ९५,१०० रुपयांची रक्कम दीड लाखावर नेली होती, पण अशी वाढ त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर असते. ती गृहीत धरून घराचा हिशेब मांडू नये.

खरी अडचण ‘अंशतः नुकसान’ या शब्दांत आहे. कोकणात वादळाने बहुतेकदा छप्पर जातं, भिंती उभ्या राहतात. पंचनाम्यात ते अंशतः नुकसान ठरतं आणि किमान १५ टक्के पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये मिळतात. एवढ्यात नव्या रिपाही पुऱ्या होत नाहीत. मातीत रचलेली जांभ्याची भिंत चार दिवस उघडी भिजली की सांधे धुऊन जातात आणि कोपरे सुटतात. म्हणून पंचनाम्याच्या वेळी भिंतींचंही नुकसान दाखवा, भेगांवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

दुसरा अडसर नावाचा. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आजोबांच्या नावावर, वारस मुंबईला, पुण्याला. मग पैसा कोणाच्या खात्यात टाकायचा? वारस नोंद आणि बाकीच्या हिस्सेदारांची संमतीपत्रं हे काम मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असतानाच उरकून घ्यावं.

विमा

‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची ठरावीक पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळते. चक्रीवादळ, पूर, भूकंप, दरड हे सगळं त्यात येतं. विम्याची रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी काढतात, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, एवढं घरातल्या सामानाला संरक्षण आपोआप मिळतं. आपल्या उदाहरणात ते २ लाख ४० हजार. ढिगारा हलवायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत वेगळे. हप्ता कमी पडावा म्हणून क्षेत्रफळ कमी सांगू नका, दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.

मात्र वगळलेल्या गोष्टी कोकणातल्या माणसाने दोनदा वाचाव्यात. समुद्राने किंवा नदीने काठ खाल्ला तर पैसे नाहीत. भराव टाकून केलेली जमीन खचली तर नाहीत. सदोष बांधकामामुळे किंवा शेजारी डोंगर खणल्यामुळे जमीन सरकली तरी नाहीत. घर वर्षातले दहा महिने कुलूपबंद असेल तर ते प्रस्तावातच लिहा आणि चालेल की नाही याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या.

चिपळूण, महाडच्या व्यापाऱ्यांसाठी ही पॉलिसी नव्हे. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. तिथे विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर चालवून घेतात, त्याहून कमी असेल तर दावा त्या प्रमाणात कापतात. दुकानात माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ८ लाखांचं, तर हाती ४ लाख. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तसं पुन्हा शिरलं तर हा कापलेला अर्धा भाग कर्जातच जाणार. गणपतीच्या आधी माल वाढतो, तेव्हा विम्याची रक्कमही वाढवा.

घरची पुंजी

तिच्यावर अख्खं घर उभं राहत नाही, राहूही देऊ नये. पहिल्या पंधरवड्याची ताडपत्री, मजुरी आणि पडण्याआधीची मजबुती यांसाठी ती ठेवावी. वारा वळचणीखालून शिरून छप्पर वर उचलतो आणि वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात. भिंतीच्या माथ्यावर सळईचा काँक्रीट पट्टा, त्यात रोवलेले बोल्ट, त्यांना जखडलेले वासे, आणि पत्रा असेल तर तो वाशाला धरणाऱ्या प्रत्येक जे-हुकाखाली (वाकड्या बोल्टखाली) वायसर. नवी कौलं घेण्याआधी हा खर्च करा.

मग कोणी काय द्यावं?

जागा सुरक्षित असेल आणि ऐपत असेल, तर विमा घ्यावा आणि सरकारी मदत ही वरची भर धरावी. किनाऱ्यावरच्या बंगल्याची आणि रिसॉर्टची पुनर्बांधणी सार्वजनिक पैशातून होऊ नये, जागेची निवड त्यांची होती. कोळीवाड्याचं तसं नाही. होडी, जाळी सोडून कोळी आत कुठे जाणार? तिथे निदान हप्त्याचा मोठा वाटा शासनाने उचलावा, कारण पूर्ण गेलेल्या होडीला १५,००० आणि जाळ्याला ४,००० रुपये यांत धंदा पुन्हा उभा राहत नाही.

दरडीखालच्या आणि धूप होणाऱ्या जागेचा खर्च मात्र पूर्णपणे सरकारचा. दरडीखाली गाडल्या गेलेल्या तळिये आणि इर्शाळवाडीत प्रश्न घराच्या मजबुतीचा नव्हताच. धुपीला विमा नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापितांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी देशभरासाठी सुचवले होते. अशा जागी तेच घर तिथेच पुन्हा बांधायला पैसे देणं म्हणजे पुढच्या दुर्घटनेची तयारी. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नकाशावर नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषेच्या, आत तर नवं बांधकाम निषिद्धच आहे. त्यामुळे पायाचा खर्च करण्याआधी नगरपरिषदेत किंवा जलसंपदा विभागात नकाशा पाहून घ्या.

तुमची वाडी डोंगराखाली असेल, जमिनीला नव्या भेगा पडत असतील, झाडं कलत असतील, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ येत असेल, तर घरदुरुस्तीचा अर्ज मागे ठेवा. आधी ग्रामसभेत भूवैज्ञानिक तपासणीचा आणि स्थलांतराचा ठराव करून तो तहसीलदारांकडे द्या आणि पोच घ्या.