एक रुपयाच्या ट्रायलला पिन टाकण्याआधी

भर एप्रिलमध्ये नागपुरात कूलरचा पंप जळला की भाव बघत बसायला कुणाला वेळ नसतो. बर्डीच्या बाजारात उन्हात कोण जाईल, म्हणून मानेवाड्यातल्या एका घरात साडेतीनशेचा पंप मोबाइलवरच मागवला. ऑर्डर होताच स्क्रीनभर चौकट आली: ‘डिलिव्हरीचे ४९ रुपये वाचवा, फक्त १ रुपयात’. खाली ठसठशीत हिरवं बटण, कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘नको, मला जास्त पैसे द्यायचे आहेत’. बटण दाबलं, पिन टाकला. पावसाळा लागला, कूलर आवरून ठेवला, तरी दर महिन्याला सदस्यत्वाचे २९९ रुपये कापले जातच राहिले.

एका क्लिकच्या खरेदीचं अमेरिकी पेटंट अमेझॉनला १९९९ मध्ये मिळालं, २०१७ मध्ये संपलं. आपल्याकडे मात्र सहसा ओटीपी नाहीतर पिन लागतोच. म्हणून सगळा डाव तो पिन एकदाच काढून घेण्याचा. इथे एका रुपयासोबत ऑटोपेची, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगीही दिली गेली. पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला पिन विचारला जात नाही. किमान २४ तास आधी सूचना येते, पण जाहिरातींच्या मेसेजांत ती कोण वाचतो?

पिन टाकण्याआधी रकमेखालच्या ओळी वाचा. ‘ऑटोपे’, ‘दरमहा’, कमाल रक्कम, शेवटची तारीख यातलं काहीही दिसलं तर तिथूनच मागे फिरा.

खरेदीचं ॲप काढून टाकल्याने ऑटोपे बंद होत नाही. ज्या यूपीआय ॲपमधून परवानगी दिली, तिथे ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ची यादी उघडून ते रद्द करा, ‘पॉज’वर भागवू नका, ते पुन्हा सुरू होतं. कार्डावरून दिलं असेल तर यादी बँकेकडे असते.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्यांना मनाई आहे. वर्गणीचा हा सापळाही त्यात आहे आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणारं बटणही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, ग्राहक राहतो तिथल्या, म्हणजे नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्या चौकटीचा स्क्रीनशॉट मात्र दिसताक्षणी काढा, कंपन्या डिझाइन बदलत असतात.