क्लोपिडोग्रेल की टिकाग्रेलोर? बाबांच्या स्टेंटनंतरची शोधाशोध

बाबांना अटॅक आला, स्टेंट टाकला, आणि डिस्चार्जला डॉक्टर म्हणाले अ‍ॅस्पिरिन तर राहणारच, सोबत गुठळी अडवणारी दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल देऊ की टिकाग्रेलोर, खर्च बघून सांगा. आता आपण काय कप्पाळ सांगणार?

मग वाचत बसलो. नस आतून खरचटली की पहिल्या प्लेटलेट्स (रक्तातल्या गुठळी करणाऱ्या बारीक पेशी) तिथे चिकटतात, पण खरा खेळ पुढे आहे, त्या आपल्या पोटातलं एडीपी नावाचं रसायन बाहेर सोडतात, म्हणजे शेजारून वाहत चाललेल्यांना हाळीच मारतात, आणि ज्या ओ देतात त्या फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाच्या दोऱ्याने एकमेकींना धरतात. ही हाळी ऐकणारा मुख्य कान म्हणजे प्लेटलेटवरचा पी२वाय१२ रिसेप्टर. तो बंद असला तरी गुठळी होते, पण सैल, वाढत नाही आणि रक्ताच्या झोतात सुटत जाते. दोन्ही गोळ्या हाच कान बंद करतात.

क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ, दिवसातून एकदा, स्वस्त. पण लिव्हरने तयार केल्याशिवाय ती कामाला लागत नाही आणि ते काम करणारं एन्झाइम आपल्याकडे बऱ्याच जणांत जन्मतःच मंद असतं, त्यात ओमेप्राझोल त्यालाच अडवतं (घरोघरी अ‍ॅसिडिटीची गोळी तीच, विचारा डॉक्टरांना!). गोळी एकदा या कानाला चिकटली की ती प्लेटलेट जगेल तेवढे दिवस, म्हणजे जास्तीत जास्त ७ ते १०, कान बंदच.

टिकाग्रेलोर थेट काम करते, लवकर आणि जास्त जोरात. या दोन गोळ्यांची तुलना करणाऱ्या २००९ च्या प्लेटो ट्रायलमध्ये १८,६२४ पेशंट होते, वर्षभरात हृदय-रक्तवाहिन्यांमुळे मृत्यू, अटॅक, स्ट्रोक मिळून टिकाग्रेलोरवाल्यांत ९.८ टक्के, क्लोपिडोग्रेलवाल्यांत ११.७. पण ९० मिग्रॅ दोनदा घ्यायची, पकड सुटणारी असल्याने डोस चुकला की असर उतरायला लागतो, आणि धाप! त्याच ट्रायलमध्ये १३.८ टक्के विरुद्ध ७.८. बायपास ऑपरेशनमधला सोडून इतर मोठा रक्तस्रावही थोडा जास्तच.

माझं मत, ताजा अटॅक आणि गोळी वेळेवर देणारं कोणी घरात असेल तर टिकाग्रेलोर, वय फार, रक्तस्रावाची हिस्ट्री किंवा विसराळूपणा असेल तर क्लोपिडोग्रेल. आम्ही टिकाग्रेलोर घेतली, सकाळ-रात्र आठचे अलार्म लावले. चौथ्या दिवशी बाबा सोफ्यावर बसल्या बसल्या लांब श्वास घ्यायला लागले, आईचा चेहरा पांढरा, धावत दवाखान्यात, ईसीजी-इको नॉर्मल, गोळीचाच प्रताप निघाला आणि दोन आठवड्यांत आपोआप कमी झाला. दाढी करताना कापलं तर मात्र तुरटी अजून बराच वेळ दाबून धरावी लागते.