आधी मजकूर, मग वेबसाइट: चपलांच्या दुकानात वापरून पाहिलेली पद्धत

वेबसाइटचं काम सुरू व्हायच्या आधी सगळा मजकूर लिहून तयार ठेवायचा, ही पद्धत आम्ही निपाणीतल्या आमच्या चपलांच्या दुकानासाठी वापरली. आता साइट चालू होऊन बरेच महिने झालेत, ऑर्डरी येतात, काही जोड परतही येतात, तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही. वेळ वाचेल या आशेनं कुणी हे करू नये. लिहिण्यात वेळ जातोच, आणि भरपूर जातो. पण लिहायला बसलं की वर्षानुवर्षं तोंडी चाललेल्या गोष्टी एकदाच्या ठरवाव्या लागतात. आमचा खरा फायदा तिथं झाला.

एक शेअर केलेलं डॉक्युमेंट, त्यात प्रत्येक पानासाठी वेगळा भाग. पान कोण वाचणार आणि त्याला काय विचारायचं असतं, हे वर लिहायचं. खाली मजकूर, कंसात कुठला फोटो ते, आणि बटणावर काय लिहायचं तेसुद्धा. बेळगावच्या ज्या मुलीनं साइट केली तिला ही यादी आधी मिळाल्यामुळं तिनं कोटेशनच पानवार दिलं. ‘हे धरलं नव्हतं’ हा शब्द मधे एकदाही आला नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीनं. दुकान निपाणीत, बराचसा माल बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिरांचा आणि नाव कोल्हापुरी. काउंटरवर हे कुणी विचारत नसे. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या सँडल दिसल्या आणि त्यानंतर फोनवर पहिला प्रश्न ‘खरी कोल्हापुरी का?’ असाच येऊ लागला. लेखी उत्तर द्यायचं म्हणून माहिती काढली. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) आठ जिल्ह्यांना मिळून आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे, कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणीची चप्पल हक्कानं कोल्हापुरी. मात्र मानांकनाचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती होईपर्यंत शिक्का नाही, आणि ओळ साधी ठेवली: ‘अथणीत हातानं शिवलेली कोल्हापुरी.’ हे ठरायच्या आधी साइट उभी राहिली असती तर वरच्या बॅनरवर तो शिक्का हमखास बसला असता.

मापाचं पान नानांनी सांगितलं, मी फक्त उतरवलं. नाना म्हणजे माझे चुलते, गल्ल्यावर तेच असतात. “आधी लिव, पावसात घालू नका म्हणून. मग भांडाय येतात लोकं.” त्या पानावर पाय मोजायची रीत दिली आहे: संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ धरून रेघ मारायची, टाच ते सगळ्यात लांब बोट हे अंतर सेंटीमीटरमध्ये घ्यायचं. दोन्ही पायांचं घ्यायचं, मोठं असेल ते कळवायचं. पट्टा सुरुवातीला घट्ट वाटला पाहिजे, कारण चामडं वापरून सैलावतं. भिजली तर सावलीत वाळवायची, उन्हात ठेवली की तळ वाकडा होतो. हे पान आमच्या साइटवर सगळ्यात कामाचं ठरलं. व्हॉट्सॲपवर कुणी नंबर विचारला की तीच लिंक जाते, आणि दुकानातला नवा पोरगाही तेच वाचून शिकला. मापावरून परत येणारे जोड संपले नाहीत, पण आता वाद होत नाही.

कंटाळवाणा भाग म्हणजे नियमांची पानं. ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणारे परताव्याचं, डिलिव्हरीचं आणि गोपनीयतेचं पान आधी मागतात. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. आमच्या दुकानात अधिकारी कोण, यावर जेवताना चर्चा झाली आणि वहिनींची नेमणूक झाली. त्या ते काम चोख करतात, हे मुद्दाम लिहितो कारण त्या हे वाचणार आहेत.

भाषांचं काम मात्र या पद्धतीत नीट बसवावं लागतं. आमची साइट मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत आहे. (कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असावी लागते, इथं टक्के मोजावे लागले नाहीत, तेवढंच बरं.) कन्नड मजकूर छापखान्याकडच्या जुन्या पत्रकातून घेतला, तर पेस्ट केल्यावर नुसती चिन्हं. युनिकोड (कुठल्याही संगणकावर अक्षरं तशीच दिसणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टात टाइप केलेलं ते, सगळं पुन्हा करावं लागलं. पण खरा मजकूर हातात होता म्हणून डिझाइन करतानाच दिसलं की इंग्रजीच्या मापानं ओळींत अंतर ठेवलं तर मराठीच्या वेलांट्या वरच्या ओळीला टेकतात, आणि कन्नडमधली खालची जोडाक्षरं कापली जातात. नमुन्याचा इंग्रजी मजकूर टाकून काम केलं असतं तर हे साइट सुरू झाल्यावर कळलं असतं.

आता उणं. डॉक्युमेंट मोठ्या पडद्यावर वाचलं जातं, गिऱ्हाईक मोबाइलवर वाचतं. ‘आमच्याविषयी’ हे पान मी आजोबांपासून लिहिलं होतं, फोनवर ते संपतच नव्हतं. शेवटी चार ओळी उरल्या. दुसरं, साइट चालू झाली की डॉक्युमेंट शिळं होतं. भाव साइटवर बदलतो, तिथं जुनाच राहतो. मग पुढचं पान करताना कुठला मजकूर खरा ते विचारत बसावं लागतं. आता बदल आधी डॉक्युमेंटमध्येच करायचा, असा दंडक केलाय, तो निम्म्या वेळा पाळला जातो.

नुसता पत्ता, फोन आणि नकाशा दाखवायचा असेल तर एवढ्या भानगडीत पडू नये, एका संध्याकाळचं काम आहे ते. कुरियरनं माल जाणार असेल तर मात्र माप आणि परतावा ही दोन पानं लिहून झाल्याशिवाय कुणाला ॲडव्हान्स देऊ नका. आमच्या परताव्याचं कन्नड पान अजून जुनंच आहे, वहिनींनी परवाच आठवण केली.